शिदोरीचे मांडे

टक.

आईनं लाटणं पोळपाटाच्या कडेवर आपटलं की मोठी आई हात पुढे करायची, पालथ्या कढईवरचा मांडा उचलायची आणि तो मऊ आहे तोवर त्याची घडी घालून मोकळी व्हायची. मग आई दुसरा मांडा हातावर घ्यायची. पुन्हा टक. सकाळी चूल पेटल्यापासून दुपारी विझेपर्यंत आमच्या मागच्या पडवीत तेवढाच आवाज. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आई आणि ती सख्ख्या जावा, सगळ्या बेळगावात मांड्यांसाठी नावाजलेल्या, आणि पाच वर्षं एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या.

तुम्ही बेळगावचे नसाल तर मांडा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. कुंदा सगळ्यांना ठाऊक असतो. दुकानात जायचं, पाव किलो बांधून घ्यायचा, झालं. मांड्याचं तसं नाही. त्याला घर लागतं, चूल लागते आणि दोन बायका लागतात. साखर, खसखस आणि वेलची भरलेला गोळा आधी लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत उपरण्याएवढा ताणायचा आणि पालथ्या तापलेल्या कढईवर टाकायचा. बघता बघता तो भाजतो. तेवढ्यात उचलून घडी घातली तर ठीक. नाही तर त्याचा पापड होतो आणि घडी घालायला गेलं की कडकन मोडतो. नीट जमलेला मांडा पंधरा दिवस टिकतो, म्हणून नवी नवरी सासरी निघाली की तिच्या शिदोरीत मांडे हवेतच. बेळगावातल्या आमच्या शहापुरात म्हणायचे, मुलीचं लग्न ठरलं की आधी मांडेवालीला सांगा, मग भटजीला. भटजी काय, दुसराही मिळतो.

त्या 'टक'चीही एक गोष्ट आहे. कढईशी बसणारीच्या डोळ्यांत धूर जातो, तिला मांड्याचा रंग दिसत नाही. ताणणारी उभी असते, तिला वरून सगळं दिसतं. म्हणून तिनं 'घे' म्हणायचं आणि बसलेलीनं उचलायचं, ही रीत. एरवी आई थोरल्या जावेला अक्का म्हणायची, अहो-जाहो करायची. चुलीशी मात्र नुसतं 'घे'. कामात मान राखत बसलं तर मांडा जळून जातो. अबोला धरल्यावर 'घे' कसं म्हणणार? पण मांडे तर करायलाच हवेत, लोकांच्या लेकी थोड्याच खोळंबणार. मग आईनं लाटणं आपटायला सुरुवात केली.

बाकी निरोप मांजराला सांगितले जायचे. "मनी, गूळ संपलाय गे, कुणी दुकानात सांगेल काय?" मोठी आई म्हणायची. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "मनी, कालच सांगितलंय की." आमच्या मांजराला जेवढे निरोप मिळाले तेवढे पोस्टमनलाही मिळाले नसतील. बाबा आणि मोठे काका दोघे कापडाच्या दुकानात. बायकांच्या अबोल्यात पुरुषांनी तोंड घालायचं नाही, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं आणि ते त्यांनी मनापासून पाळलं.

अबोल्याचं कारण वासंतीताई. मोठ्या आईची एकुलती एक लेक, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. गडहिंग्लजच्या पलीकडे एका मोठ्या घरात दिली होती. तिची शिदोरी अर्थातच या दोघींनीच केली, आईनं ताणलेली आणि मोठ्या आईनं घडी घातलेली. लग्नानंतर आठवड्यानं तिच्या सासरहून निरोप आला की मांडेवाल्यांच्या घरची शिदोरी म्हणून उघडली, तर एक मांडा धड नव्हता. मोठी आई त्या दिवशी जेवली नाही. आणि वर्षाच्या आत वासंतीताई ट्रंक घेऊन परत आली ती कायमची. का आली, तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. गल्लीतल्या बायकांना मात्र सांगावं लागत नाही. शिदोरी मोडली तेव्हाच कळायला हवं होतं, असं पाण्याच्या नळावर बोलणं झालं.

ते बोलणं आईच्या कानात राहिलं असणार. एका संध्याकाळी ती सहज बोलून गेली, "अक्का, त्या दिवशी घडी जरा उशिरा पडली काय हो?"

मोठ्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "हाकच उशिरा आली असेल."

झालं. त्यानंतर लाटणं आणि मांजर. वासंतीताईसमोर शिदोरीचा विषय काढायचा नाही एवढं मात्र दोघींनी न बोलता ठरवलं, आणि मलाही डोळ्यांनीच दम दिला. वासंतीताई मागच्या खोलीत बसून साखर दळायची, वेलची सोलायची, खसखस निवडायची. चुलीपाशी यायची नाही. आणि मांडा खायची नाही. तुकडासुद्धा नाही. तिला गोड आवडेनासं झालं असं आम्ही समजून चाललो.

मग माझं लग्न ठरलं. सांगलीचं स्थळ, मुलगा साखर कारखान्यात. साखरपुड्याला सासूबाई आईला म्हणाल्या, "बेळगावची सून आणतेय, तीसुद्धा मांडेवाल्यांची. मी आमच्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, मांडे वाटणार म्हणून." आई फुलून गेली. मीही मनातल्या मनात सांगलीच्या गल्लीत मांडे वाटून आले. आणि दुसऱ्याच दिवशी मोठी आई मनीला जवळ घेऊन म्हणाली, "मनी, हेमाच्या शिदोरीला मी बसणार नाही गे. कुणाला सांगायचं असेल तर सांग."

आईच्या हातातली पळी आमटीत पडली. "परक्यांच्या लेकींना घडी घालतात," ती मला ऐकवत होती, पण आवाज पलीकडच्या खोलीसाठी होता, "आणि घरच्या लेकीला नाही. एवढा राग? राग माझ्यावर आहे ना, मग माझ्यावर काढावा. पोरीनं काय घोडं मारलंय?"

पलीकडून फक्त मनी बाहेर आली.

मी म्हटलं, "आई, दुसऱ्या मांडेवालीला सांगू या. अनगोळात आहे की एक."

"आपल्या मुतगेकरांच्या लेकीची शिदोरी दुसऱ्याच्या चुलीवरून आणू? त्यापेक्षा बत्तासे बांधून देते तुला."

आई एकदा बोलली की बोलली. मांड्यांचा दिवस उजाडला तशी तिनं कढईशी शेजारच्या शांतव्वाला बसवलं. शांतव्वा म्हणजे सोन्यासारखी बाई. तिच्या हातच्या धपाट्यांना तोड नाही. पण मांडा तिला विस्तवासारखा वाटायचा. आई म्हणायची, "घे," की शांतव्वा म्हणायची, "कुठून धरू?" तोवर व्हायचं ते होऊन जायचं. पहिला मोडला. दुसरा मोडला. तिसरा शांतव्वानं वेळेवर उचलला खरा, पण घडी घालायच्या आधी त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिली.

"शांतव्वा, घडी," आई म्हणाली.

"घालते की. किती छान झालाय बघ तरी."

तोही मोडला. परातीत तुकड्यांचा ढीग झाला. आईच्या दंडांवर पीठ, कपाळावर घाम. ती कुणावर ओरडली नाही, त्याचंच मला भ्या वाटलं. ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हेमा, तुझ्या सासूला काय तोंड दाखवू मी?"

त्या वेळी माझा संताप संताप झाला. माझी हळद दोन दिवसांवर आलेली, घरात पाहुणे यायला लागलेले, आणि या दोघींचा खेळ काही संपत नव्हता. मी तशीच मोठ्या आईच्या खोलीत गेले. ती खिडकीशी पाठ करून बसली होती.

"मोठी आई, चल."

"मी मनीला सांगितलंय."

"मनीला लग्न नाही करायचं, मला करायचंय. आईवर तुझा राग आहे ना? असू दे. जन्मभर बोलू नको. पण मला लहानपणी तूच न्हाऊ घातलंस, आणि आज माझी शिदोरी तुकड्यांची जायची? वासंतीताईसारखी?"

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मला चटका बसला. मोठी आई वळली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण तिचे डोळे भरलेले होते.

"म्हणूनच नाही बसत," ती म्हणाली. "तुला राग दिसतो काय गे? राग कसला, पोरी. तुझी आई बोलली ते खरंच असणार. त्या दिवशी लेक जाणार म्हणून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घडी उशिरा पडली असणार माझ्याच हातून. माझ्या हातानं एकीचं वाटोळं झालं. परक्यांच्या घड्या घालते, त्याही देवाचं नाव घेऊन, जीव मुठीत धरून घालते. पण तुझी नाही घालणार. तू सुखानं नांद बाई. माझ्या हाताचा मांडा तुझ्या शिदोरीत नको."

पाच वर्षं आम्ही ज्याला राग समजत होतो तो राग नव्हताच. मी तिच्याजवळ नुसती बसले.

दारात काहीतरी सांडल्याचा आवाज आला. वासंतीताई उभी होती. हातातलं खसखशीचं ताट तिरकं झालं होतं आणि खसखस उंबऱ्यावर पसरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अख्खे होते," ती म्हणाली.

"काय?" मोठी आई म्हणाली.

"मांडे. पाचही अख्खे होते, आई. तुझ्या घडीला एक चीर नव्हती."

"मग तो निरोप..."

"निरोप त्यांनी पाठवला. खरं काय झालं ते मी सांगितलं नाही." ती उंबऱ्यावरच बसली आणि बोटानं खसखस गोळा करायला लागली. बोलताना आमच्याकडे बघत नव्हती. "पहिल्या दिवशी शिदोरी उघडली. मी म्हटलं, आधी देवापुढं ठेवू, मग सगळ्यांना वाटू. तर सासूबाई म्हणाल्या, असले माहेरचे तोरे आमच्याकडे चालत नाहीत. म्हशीच्या आंबोणात टाक. मी हललेच नाही. तर म्हणाल्या, टाकू नकोस, चुरून घाल. आपल्या हातानं. आणि समोर उभ्या राहिल्या. मी चुरले, आई. पाचही चुरले. हातावरची हळदसुद्धा गेली नव्हती."



"अगं मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?" मोठी आई म्हणाली.

"काय बोलू? तू चुलीशी भाजून घेऊन घातलेल्या घड्या मी म्हशीपुढं चुरल्या, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मोडल्या म्हणतायत तर मोडल्या, असं वाटलं. तुला वाईट तरी कमी वाटेल." मग तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आणि तू आणि काकू बोलत नाही ते यामुळं, हे मला कुणी सांगितलं? मला वाटायचं, मी परत आले, घरात एक खाणारं तोंड वाढलं, त्यावरून तुमचं बिनसलं असेल. मी रोज मागच्या खोलीत बसून तेच चघळत असायची."

तिघींनी तिघींना दुखवायचं नाही म्हणून तोंडं शिवून घेतली होती, आणि पाच वर्षं तिघी जळत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले. नवरीला रडायला कारण लागत नाही, तेवढं बरं असतं.

मोठी आई उठली. लेकीपाशी गेली, तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले, जसं काही त्यांवर अजून आंबोण लागलेलं होतं, आणि आपल्या पदरानं पुसले. मग पदर खोचून सरळ मागच्या पडवीत गेली. शांतव्वाला म्हणाली, "ऊठ गे, शांतव्वा. आता तू धपाटी कर, पाहुण्यांना लागतील." शांतव्वा सुटल्यासारखी उठली.

आईनं जावेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आमच्या मागं उभ्या वासंतीताईकडे बघितलं. काहीतरी घडलंय एवढं तिला कळलं. पण अबोल्यात विचारता येत नाही. तिनं गोळा घेतला, लाटला, हातांवर घेऊन ताणला आणि कढईवर टाकला. टक.

मोठ्या आईनं हात पुढे केला, पण तिचे डोळे तुडुंब भरलेले होते, आणि त्या दिवशी ते काही धुरानं नव्हतं. बोटं चाचपडली. मांडा उचलला गेला तो एक श्वास उशिरा. घडी घालायला गेली आणि कडकन मोडला.

मोठ्या आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तिनं तुकडे परातीत ठेवले आणि जमिनीला हात टेकला. ती आता उठणार, आणि उठली की पुन्हा या चुलीपाशी कधी बसणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात वासंतीताई पुढं आली. परातीजवळ उकिडवी बसली, मोडक्या मांड्याचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आम्ही बघतच राहिलो. परत आल्यापासून तिनं मांडा चाखला नव्हता. ती सावकाश चावत होती. गिळला, जीभ टाळ्याला लावून चव घेतली आणि म्हणाली,

"खसखस कमी झालीय, आई."

मोठी आई तिच्याकडे बघत राहिली. लेक दुसरा तुकडा खात होती. मोठ्या आईनं जमिनीवरचा हात काढून घेतला, मांडी पुन्हा नीट घातली, डोळे पुसले आणि समोर बघून म्हणाली, "सगुणा, ऐकलंस काय? खसखस कमी म्हणते ही."

मनीला नाही. आईला, नाव घेऊन.

आईचे हात पिठात होते, म्हणून तिनं कोपरानं डोळे पुसले. "कमी कशी होईल हो, अक्का? मोजून घातलीय की." "बरं, घालते. अजून घालते." आणि तिनं खसखशीचा डबा उचलून चांगल्या दोन मुठी सारणात टाकल्या. वासंतीताई म्हणाली, "काकू, एवढी नको," तर म्हणाली, "असू दे गे. आज असू दे."

पुढचा मांडा तिनं असा ताणला की पलीकडची चूल त्यातून दिसावी. कढईवर टाकला. सवयीनं लाटण्याकडे हात गेला. लाटणं उचललं, तसंच धरून ठेवलं आणि मग खाली ठेवलं.

"घे, अक्का," आई म्हणाली.

मोठ्या आईनं डोळे मिटूनच उचलला. घडी पडली, एक कोपरा इकडेतिकडे नाही. मग 'घे' आणि घडी, 'घे' आणि घडी, दुपार कलेपर्यंत. मधूनच दोघी बोलत होत्या, पाच वर्षांचं साठलेलं. कोणाच्या घरी काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं. शेवटचा मांडा राहिला तेव्हा मोठी आई बाजूला सरकली आणि वासंतीताईला म्हणाली, "बस इथं." ती नको नको म्हणत बसली. तिची घडी थोडी तिरपी पडली. तो मांडा माझ्या शिदोरीत सगळ्यात वर ठेवायचा, असं आईनंच सांगितलं. आत काय घडलं होतं ते तिला रात्री कळलं. तेव्हा ती वासंतीताईच्या अंथरुणाशी जाऊन बसली आणि तिच्या केसांत तेल घालत राहिली.

सांगलीला पोचलो. लक्ष्मीपूजन झालं, नाव ठेवून झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि सगळ्यांसमोर शिदोरी उघडायला लावली. मला वासंतीताईच दिसत होती. फडकं सोडलं. मांडे सगळे अख्खे होते, आणि सगळ्यात वर ती तिरपी घडी.

सासूबाईंनी तोच मांडा उचलला. आधी देवापुढं ठेवला. मग आणून पहिला तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला. "आधी तू गं. माहेरचं आहे." मग एक स्वतःच्या तोंडात टाकला, डोळे मिटून चव घेतली, आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "वा. नाव ऐकलं होतं तसेच आहेत. फक्त खसखस जरा जास्त झालीय का गं, हेमा?"

मी त्यांच्या गळ्यातच पडले. सगळ्या बायकांच्या देखत, नवी सून, डोक्यावरचा पदर घसरलेला, हसतेय का रडतेय ते कुणाला कळेना. सासूबाई बिचाऱ्या घाबरल्या. माझी पाठ थोपटत म्हणाल्या, "अगं, वाईट नाही म्हटलं मी. चांगली लागतेय. चांगलीच लागतेय."